आठ भावंडं, बाप एक, पण आठवणी जुळेनात. पुस्तिका कशी लिहू?

तिफण_लातूर
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा गेले, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. कोरडवाहू रान, आम्ही आठ भावंडं, पाच बहिणी तीन भाऊ, मी शेंडेफळ. नुसत्या पंगती उठवण्यापेक्षा एक पुस्तिका छापू असं ठरलं आणि लिहायचं माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसतो म्हणे. एकेकाला फोन लावतोय तर प्रत्येकाचे आण्णा वेगळेच. थोरली आक्का म्हणते ते नुसते खाकरले तरी घर चिडीचूप व्हायचं. 1972 च्या दुष्काळात ती नऊ-दहा वर्षांची असेल, त्यांच्यासोबत खडी फोडायला जायची, कामावरची सुकडी अन् रेशनची लाल मिलो ज्वारी तिला अजून आठवते, शाळा तिथंच सुटली. माझे आण्णा मला खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचे अन् गोडीशेव घेऊन द्यायचे! मधला दादा तर विषय काढला की फोनच ठेवतो. तारखा कुणालाच धड आठवत नाहीत. हे सगळं एकत्र कसं बसवू?

बांधावरून
तारखांसाठी जुना सातबारा काढा, हसू नका. हाताने लिहिलेले उतारे अन् फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मिळतात, बऱ्याच ठिकाणचे स्कॅन होऊन ऑनलाइन पण आलेत. नमुना सातवर मालकी अन् इतर हक्कात सोसायटीचा बोजा म्हणजे कर्जाची नोंद, नमुना बारावर कोणत्या साली काय पेरलं ते. ज्वारी-करडई जाऊन सोयाबीन कधी आलं, विहीर कधी पडली, सगळं कळतं. आमच्या बाबांनी विहिरीसाठी म्हणून कर्ज काढलेलं, अन् बोजा चढलेलं साल निघालं नेमकं ताईच्या लग्नाचं, घरात कुणाला पत्ता नव्हता. फक्त बारावर डोळे झाकून विसंबू नका, पीक पाहणी पुष्कळदा चावडीत बसूनच व्हायची. आणि तुमच्याकडं निजामाच्या काळातला कागद सापडला तर उर्दू वाचणारा आधी शोधून ठेवा.

परभणीची_लेक
एकत्र बसवायचंच कशाला? आठ जणांचं आठ तऱ्हेचं तसंच छापा की. थोरल्यांच्या वाट्याला तरणा अन् कर्जात बुडालेला बाप येतो, शेंडेफळाला निवांत झालेला, दोघंही खोटं बोलत नाहीत.
आणि बारीक बारीक लिहा. आम्ही पण सहा पोरी दोन पोरं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. पेरणीला दादा औत हाकायचे अन् तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ आई धरायची, तिन्ही नळ्यांत दाणं सारखं पडलं पाहिजे, मूठ जरा सैल झाली की तासात नांग्या पडतात, मधेच जागा रिकामी राहते. उगवून आलं की दादा एकटेच तासातासानं फिरायचे, मोकळी जागा दिसली की खुरप्याच्या टोकानं दोन दाणे टोबायचे, आणि कुणी बघितलंच तर पाखरांनी खाल्लं म्हणून सांगायचे. आईला कधी बोल लागू दिला नाही. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ हे चौकातल्या बॅनरवर असतंच सगळ्यांचं.

सडेतोड
बाकी सगळं लिहाल, पण जमिनीचं लिहिणार का? 2005 पासून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे, तरी आण्णा गेले की पाच बहिणींकडून हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, लिहून घेतात अन् साडी-चोळी करून वाटेला लावतात. तेही बापाच्या गोष्टीतच येतं.

बांधावरून
अहो वर्षश्राद्धाला भांडणं लावता का राव!

सडेतोड
भांडण नाही भाऊ, विचारलं फक्त. आमच्याकडं झालंय म्हणून विचारलं.

तिफण_लातूर
सगळ्यांना धन्यवाद. परभणीच्या ताई, तुमचं वाचून आमच्या मधल्या दादाला दाखवलं, अन् काल रात्री त्यानंच फोन केला. त्याला एक वर्ष दुसऱ्याच्या घरी सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर गडी म्हणून, ठेवलं होतं म्हणे, आगाऊ उचल घेतलेली ती तीन नंबरच्या बहिणीच्या लग्नात गेली, दिवाळीला पण घरी सोडला नाही त्या मालकानं. आम्हा धाकट्यांना ‘मामाच्या गावी शिकायला गेलाय’ असं सांगितलेलं. आण्णा दर बाजाराला वाट वाकडी करून त्या वाड्याच्या मागं जायचे, ह्याला भाकरी द्यायचे अन् एक शब्द न बोलता परत यायचे. हे छापायचं का नाही ते मी त्याच्यावरच सोडलंय, तो म्हणतो बहीण वाचेल ना.
सडेतोड भाऊ, हक्कसोडवर अजून कुणाची सही नाही, आक्का तर करणारच नाही म्हणते, अन् मला तिचं पटतंय. बाकी दोघा भावांचं बघू.
आता पानं वाढायला लागलीत अन् प्रेसवाला रेट कमी करायला तयार नाही, वर त्याच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतायत. लातूरात कुणी बरा डीटीपीवाला माहीत असेल तर मेसेज करा.