अपघाती वळणावर मृतांचा आकडा लिहिलेली पाटी लावावी का?

घाटवाट

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला घाट आहे. त्यातल्या तिसऱ्या वळणावर गेली काही वर्षं माणसं जातायत. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत तिथे मोठी पाटी लावायचं आमच्या तरुण मंडळाने ठरवलंय. काळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'या वळणाने आजवर इतके जीव घेतले', खाली आकडा. कोणी गेलं की आकडा बदलायचा. रविवारी देवळात बैठक आहे आणि मी विरोधात बोलणार आहे. गावात हे बोललो की 'तुला गेलेल्यांचं काहीच नाही का' असं ऐकावं लागतं. गेलेल्यांतले दोघे माझ्या वर्गातले होते, म्हणूनच बोलतोय.

हाच प्रयोग अमेरिकेत टेक्सास राज्यात होऊन गेलाय. ऑगस्ट २०१२ पासून तिथल्या महामार्गांवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर त्या वर्षी राज्यात रस्त्यावर किती माणसं गेली तो आकडा दाखवायला लागले. पण महिन्यातून एकच आठवडा, बाकीचे दिवस फलक नेहमीच्या कामाला. त्यामुळे तोच रस्ता, तोच फलक, आकडा असताना आणि नसताना, अशी आयती तुलना मिळाली. जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसन या संशोधकांनी ८८० फलकांची आणि २०१० ते २०१७ या वर्षांतल्या अपघातांची नोंद तपासली आणि २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. आकडा झळकत असतानाच्या आठवड्यांत फलकापासून पुढच्या दहा किलोमीटरांत अपघात ४.५ टक्क्यांनी वाढले होते. त्यांच्या अंदाजाने एकट्या टेक्सासात वर्षाला सुमारे २,६०० अपघात आणि १६ मृत्यू जास्तीचे.

मला यातली एक गोष्ट फार लागली. आकडा जितका मोठा, तितका परिणाम वाईट. जानेवारीत आदल्या सबंध वर्षाची बेरीज झळकते तेव्हा सगळ्यात वाईट. फेब्रुवारीत नवा, लहान आकडा आला की परिणाम उतरतो. म्हणजे वाचणारा खरोखर हादरतो. हादरलेलं मन पुढची काही मिनिटं रस्त्यावर नसतं. आणि आम्ही तर पाटी नेमकी वळणावर लावणार आहोत.

निशिगंध

पूर्ण असहमत. माझा धाकटा भाऊ अशाच एका वळणावर गेला. तिथे पाटी होती. 'अपघात प्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा'. रंग उडालेली, अर्धी करंजाच्या फांदीमागे. 'मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक', 'अति घाई संकटात नेई' हे आपण शाळेत जायच्या वयापासून वाचत आलोय. अक्षरं दिसतात, मनापर्यंत काही पोचत नाही. आकडा पोचेल. माणूस हबकला पाहिजे, तेच तर हवंय! टेक्सासचे आठ पदरी रस्ते कुठे आणि आपला दीड गाडीचा घाट कुठे.

लालपरी_चालक

बावीस वर्षं एसटी चालवतोय, त्यातली नऊ घाटात. हिशेब सांगतो. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. दोन ओळी आणि एक आकडा वाचायला दोन सेकंद धरा. बावीस मीटर झाले, म्हणजे जवळपास दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात एवढं अंतर. तेवढा वेळ माझी नजर पाटीवर, आणि समोरून ट्रक वळण कापून माझ्या अंगावर येत असेल तर?

घाटात रात्री मला कडेची पांढरी पट्टी लागते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चमकणारे बाणाचे फलक लागतात, कठड्यावर रिफ्लेक्टर लागतात. पावसाळ्यात धुकं उतरलं की गाडी त्यांच्याच भरवशावर असते. यातलं काहीही वाचावं लागत नाही, नजर रस्त्यावर ठेवूनच दिसतं. लिहायचंच असेल तर 'चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या' एवढं लिहा, घाट सुरू व्हायच्या आधी. हा नियम आहे आणि शहरातून येणाऱ्या निम्म्या मंडळींना तो ठाऊक नसतो.

आकडेमोड

घाटवाट, मीही पाटीच्या बाजूचा नाही, पण अभ्यास अर्धाच सांगू नका. त्या संशोधनात वाढ दिसली ती एकापेक्षा जास्त वाहनांच्या अपघातांत. एकटी गाडी रस्ता सोडून जाते तशा अपघातांत तशी वाढ नव्हती. आपल्याकडे घाटात गाडी दरीत जाते ती बऱ्याचदा एकटीच. दुसरं, रस्ता जितका गुंतागुंतीचा तितका परिणाम वाईट. साध्या रस्त्यावर लहान आकड्याने थोडा फायदाही दिसला होता. आणि तिथला आकडा सबंध राज्याचा, तुमचा एका वळणाचा. समोरच्या धोक्याबद्दल सांगणारी पाटी आणि दूरच्या बेरजेची पाटी मनावर सारखंच काम करतील असं धरून चालता येत नाही.

घाटवाट

आकडेमोड, बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण आमच्या तिसऱ्या वळणावर बहुतेक टकरी समोरासमोरच्या आहेत. आणि गुंतागुंत म्हणाल तर आंधळं वळण, चढ, आतल्या बाजूने येणारं झऱ्याचं पाणी, सगळं एकाच जागी.

निशिगंध, भावाबद्दल वाचून थांबलो होतो. तुम्ही म्हणता माणूस हबकला पाहिजे. घरी बसलेला माणूस हबकला तर विचार करेल. स्टिअरिंग हातात असलेला हबकला तर त्याच्याकडे विचार करायला वेळ कुठून येणार?

ऑस्टिनकर

ते फलक मी रोज पाहायचे, इथे टेक्सासमधल्या ऑस्टिनला. आकडा दिसला की मनात आपोआप वजाबाकी सुरू व्हायची, मागच्या महिन्यात किती होते, एवढ्यात किती वाढले. त्या नादात माझा फाटा एकदा नाही, दोनदा मागे पडलाय. पुढे २०२३ च्या अखेरीस इथल्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने रस्त्यावरच्या फलकांच्या नियमावलीची नवी आवृत्ती काढली. तिच्यात अशा फलकांवर विनोदी किंवा कोड्यात टाकणारे संदेश नकोत असा सूर आहे, कारण वाचणारा अर्थ लावत बसतो.

भटक्या७२

मी तर म्हणतो पाट्याच कमी करा. नेदरलँड्समध्ये ड्राख्टेन नावाच्या गावात हान्स मोंडरमन या वाहतूक अभियंत्याने दिवसाला वीस हजारांच्या आसपास वाहनं जाणाऱ्या चौकातले सिग्नल आणि फलक काढून टाकले. लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघून गाडी चालवू लागले आणि वेग आपोआप उतरला. लडाखच्या रस्त्यांवर सीमा सडक संघटनेच्या यमक जुळवलेल्या पिवळ्या पाट्या आहेत, सगळ्यांना आवडतात. पण त्यांच्याजवळ ऐन वळणात गाड्या उभ्या करून फोटो काढणारे मी स्वतः पाहिलेत. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' घ्या. ओव्हरटेक करताना इशारा द्या, एवढ्यासाठी लिहिलेलं. लोकांनी त्याचा अर्थ वाजवत राहा असा घेतला, आणि शेवटी २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाला ते लिहायला बंदी करावी लागली.

पांढरी_काठी

भटक्या, डोळ्यांत बघून रस्ता ओलांडायचा म्हणता. मला दिसत नाही. ड्राख्टेनचं कौतुक मी खूप ऐकलंय, प्रत्येक वेळी डोळस माणसाकडून. ब्रिटनमध्ये फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणणारे असे चौक झाले, तेव्हा अंध लोकांनी जोरात विरोध केला, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने असे नवे चौक करणं थांबवायला सांगितलं. सिग्नल काढला की वेगाने जाणाऱ्याचं काही अडत नाही, माझं घराबाहेर पडणं बंद होतं. तेव्हा 'पाट्याच नकोत' हे सरसकट बोलू नका.

भटक्या७२

हा विचार मी केला नव्हता. घाटापुरतं म्हणत होतो असं आता म्हणणं खोटं ठरेल. शब्द मागे घेतो.

रस्तेवाला

घाटवाट, तुमच्या मंडळाने आकडा गोळा केलाय ना? मग तो वाया घालवू नका. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या आहे: साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. तुमचा घाट राज्य मार्ग असला तरी अर्ज याच मापाने लिहा. पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, दिवस की रात्र, पाऊस होता का, टक्कर कशी, एवढं घेऊन तक्ता करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिथे द्या, एक प्रत बांधकाम विभागाला. मागण्या नेमक्या: बाणाचे फलक, कठडा, बहिर्वक्र आरसा, झऱ्याच्या पाण्याला गटार. आयुष्यभर हेच काम केलंय म्हणून सांगतो, 'घाट सुधारा' असा अर्ज कोणी उघडत नाही, 'अमुक किलोमीटरला गटार हवं' याला उत्तर द्यावं लागतं.

निशिगंध

रस्तेवाला, असा अर्ज माझ्या वडिलांनी दिला होता. तक्त्यासकट. पोच मिळाली, बाकी काही नाही. कागद फायलीत घालता येतो. पाटी फायलीत घालता येत नाही. गाडीवाल्यांनी वाचावी म्हणून नाही, त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला आणि साहेबाला ती दिसावी म्हणून मला हवी आहे.

घाटवाट

निशिगंध, तुमचं हे वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही. आकडा कुणासाठी आहे हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो चालकासाठी नसेल तर वळणावर असायची गरज नाही. पाटी घाटाखाली फाट्यावर लावू, जिथे एसटी थांबते, चहाच्या टपरीवर लोक अर्धा अर्धा तास बसलेले असतात आणि साहेबांच्या गाड्याही थांबतात. तोंड रस्त्याकडे नाही, थांब्याकडे. आकड्याखाली अर्जाचा पोच क्रमांक आणि तारीख. वळणावर फक्त लालपरी_चालकांनी सांगितलेलं, उरलेल्या वर्गणीत बसेल तेवढं. बांधकाम विभागाची परवानगी काढूनच.

निशिगंध

चालेल, एका अटीवर. दिवाळीपर्यंत अर्जाला उत्तर आलं नाही तर पाटी तालुक्याच्या कचेरीसमोर हलवायची. आणि आकड्यासोबत नावंही लिहा. घरच्यांना विचारून.

घाटवाट

मान्य. रविवारी तुमची अट माझ्या मुद्द्यांआधी वाचून दाखवतो.

लालपरी_चालक

फाट्यावर लावताय तर थांब्याच्या डाव्या हाताला नको. तिथून शाळेची पोरं सायकलवर खालच्या वाडीतून वर येतात, पाटीमागे झाकली जातील. टपरीच्या भिंतीला लावा, तीही गाडी उभी केल्यावर माझ्या आरशाच्या खाली राहील एवढ्या उंचीवर.