स्वयंपाकघराची फरशी: कोटा, व्हिट्रिफाइड की जुन्यावरच नवी?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
आमची इमारत १९८०च्या दशकातील असून स्वयंपाकघरात तेव्हाचीच मोझॅक फरशी आहे. ओट्यासमोरचा पट्टा झिजून खडबडीत झाला आहे आणि सिंकखालचे सांधे उघडे पडल्यामुळे तेथे पाणी मुरते. सासूबाई घरात अनवाणीच वावरतात, त्यामुळे पाय घसरणार नाही अशी फरशी मला हवी आहे. दुकानदार चकचकीत व्हिट्रिफाइड (भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल दाखवतात, गवंडी कोटा दगडाचा आग्रह धरतात, तर जुनी फरशी न काढता तिच्यावरच टाइल बसवावी, असे शेजाऱ्यांचे मत आहे. काय निवडावे?

उत्तर (वर्तकनगर, ठाणे)
कोटा टिकाऊ आहे, पायाला थंड लागतो आणि झिजला तरी पुन्हा पॉलिश करता येतो. मात्र तो मुळात चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंचेचा कोळ किंवा कोकमाचे आगळ सांडून तसेच राहिले, तर तेवढ्या जागेची चकाकी जाऊन फिकट डाग उमटतो आणि तो पुसून निघत नाही. संगमरवराचेही तेच. आपल्याकडे रोजच्या आमटीत आंबट पडते, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ समजू नये. ग्रॅनाइटवर या आंबटाचा परिणाम होत नाही, पण आरशासारखे पॉलिश केलेला ग्रॅनाइट ओला झाला की निसरडा होतो. घ्यायचाच असेल तर लेदर फिनिशचा, म्हणजे चकाकी नसलेला किंचित खरबरीत, घ्यावा. शिवाय कोटा बसवल्यावर जागेवरच मशीन फिरवून पॉलिश करतात आणि त्याचा राडा घरभर होतो. राहत्या घरात काम काढताना याचा विचार आधी करावा.

उत्तर (नेरूळ, नवी मुंबई)
तुमच्या गरजेला मी मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड टाइल सुचवीन. ती ०.५ टक्क्यांपेक्षाही कमी पाणी शोषते, म्हणून तेल किंवा हळद आत मुरत नाही. टाइलची पकड सांगायला दुकानात आर९, आर१० असे आकडे सांगतात, परंतु ती चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालून केलेली असते. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असून तीत सी सर्वांत पकड देणारी आहे. ती माहिती कंपनीच्या पत्रकात पाहावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे नमुन्याची टाइल जमिनीवर ठेवून तिच्यावर पाणी आणि तेलाचे दोन थेंब टाकावेत आणि आधार धरून अनवाणी पाय फिरवून पाहावा. फार खडबडीत टाइलही घेऊ नका, कारण तिच्या खाचांत पिठाचा आणि तेलाचा थर बसतो व तो घासून काढणे त्रासाचे होते.

प्रश्नकर्त्या
मनःपूर्वक आभार. जुन्या फरशीवरच टाइल बसवली तर तोडफोड आणि डेब्रिजचा खर्च वाचेल. तसे करावे का?

उत्तर (वाशी, नवी मुंबई)
तुमच्या घरात करू नये. जुनी फरशी घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल आणि खाली ओल नसेल, तरच तो मार्ग योग्य ठरतो. तुमच्याकडे पाणी आधीच मुरत आहे. ते नव्या टाइलखाली झाकले जाईल आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छतावर उतरेल. शिवाय टाइल व ॲडेसिव्ह मिळून साधारण १२ ते १५ मिलिमीटर उंची वाढते. दरवाजा खालून तासावा लागतो, आणि हॉलच्या बाजूला तयार होणारी ती लहानशी पायरी चटकन दिसत नाही, म्हणून वयस्कर माणसाला तेथे ठेच लागू शकते. त्यापेक्षा सोसायटीची लेखी परवानगी घेऊन फरशी पूर्ण उखडावी, सिंकच्या बाजूला वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवावे, खालच्या घरात ओल येत नाही याची खात्री करावी आणि मगच जाळीकडे ढाळ ठेवून नवे काम करावे.

सांधे बुजवायला इपॉक्सी ग्राउट वापरा. सिमेंटच्या ग्राउटमध्ये हळद आणि तेल शिरते व सांधे काळवंडतात. इपॉक्सी लवकर घट्ट होते, त्यामुळे टाइलवर पसरलेला त्याचा पातळ थर कारागिराने लगेच पुसला पाहिजे, हे काम सुरू होण्यापूर्वीच बजावून ठेवा. टाइल्स एकाच बॅचच्या व एकाच शेडच्या आहेत ना, हे प्रत्येक खोक्यावर तपासावे आणि काही टाइल्स जादा घेऊन माळ्यावर ठेवाव्यात, कारण तोच शेड पुढे मिळेलच असे नाही.