गाओकाओतलं इंग्रजी: पाठांतरापलीकडचं

कुणीतरी लिहिलंय की चिनी मुलांची इंग्रजी परीक्षा म्हणजे निव्वळ व्याकरणाची घोकंपट्टी. हे काही पटलं नाही. गाओकाओत, म्हणजे चीनमधल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत, इंग्रजीला १५० गुण असतात आणि राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत त्यातले ३० ऐकण्याला, ५० वाचनाला. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण आकलनाचेच झाले की!

ऐकण्याच्या भागात पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजवतात. एक शिंक आली की दीड गुण गेला! पुढचे मोठे उतारे दोनदा ऐकवतात. वाचनातला मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे उताऱ्यात पाच जागा रिकाम्या आणि खाली सात वाक्यं. दोन उगाच, फसवायला. तिथे नुसता शब्दसंग्रह पुरत नाही, लेखक कुठून कुठे चाललाय हे कळावं लागतं.

तक्रार करायचीच तर बोलण्याबद्दल करा. बीजिंगमध्ये २०२१पासून ऐकणं-बोलणं मिळून ५० गुणांची संगणकावरची परीक्षा असते, वर्षातून दोन संधी. पण बऱ्याच प्रांतांत तोंड न उघडताही इंग्रजीत उत्तम गुण मिळवता येतात.