नागपूरच्या उन्हाळ्यात व्हायोलिनच्या खुंट्या सटकतात

महालकर: वस्तीतल्या वर्गात ८ व्हायोलिनं आहेत. एप्रिल लागला की खुंट्या सटकतात, अर्धा तास सूर लावण्यातच जातो. काय करावं?

धरमपेठी: हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, खुंटी भोकात सैल बसते. खुंटी नीट करताना एकावेळी एकच तार काढा. चारही उतरवल्या तर तारांखालची घोडी पडेल, आतला साउंडपोस्ट (लाकडी खांब) ही आडवा होईल, मग कारागीर शोधत फिरा. खुंटी जिथे घासून चकाकते तिथे पेग पेस्ट (खुंटीला लावायचं मलम). नसेल तर फळ्याचा खडू, अगदी किंचित. रोझिन (गजाला लावायची राळ) नको, खुंटी झटके देत फिरते. तारेचा शेवटचा वेढा खुंट्या बसतात त्या खाचेच्या भिंतीकडे आणा, खुंटी पिळताना आत दाबा.

वऱ्हाडी: आणि कूलरच्या झोतात व्हायोलिनच्या पेट्या ठेवता का? रात्री लाकूड फुगतं, दुपारी आकसतं. त्यापेक्षा कपाट बरं.

महालकर: कूलरसमोरच ठेवतो! फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचा स्क्रू) चारही तारांना लावू का?

धरमपेठी: लहान मुलांना लावाच. सूर लावताना आधी ए ची तार ४४० हर्ट्झला, मग डी, जी, ई च्या तारा. ऑर्केस्ट्रात जायचं आहे त्याच्या वाद्यावर सा-प अशी भारतीय पद्धतीची जुळणी करू नका. रोज ताण बदलला की तारा सुरात टिकत नाहीत.