स्टँडवरची, जेटीवरची माणसं: तुमच्याकडचे अनुभव लिहा

रत्नांग्रीकरीण:
काल खेड स्टेशनला मांडवीची वाट बघत होते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक बाई, अंगावर एकावर एक तीन साड्या, आणि वडापावचा तेलकट कागद मांडीवर घेऊन इस्त्री केल्यासारखा तळव्याने सपाट करत बसलेली. एकदम आमच्या जेटीवरचा मास्तर आठवला. मी सहावी-सातवीत असेन. हातात कायम कोळसा, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर गोल गोल काहीतरी लिहायचा म्हणून मास्तर. आम्ही पोरं "मास्तर हजेरी घ्या" ओरडून पळायचो (आता लाज वाटते). उपाशी नाही ठेवला हां कोणी, लिलाव झाला की दोन बांगडे मिळायचे, आजी भाकरी द्यायची पण जर्मनची ताटली वेगळी, ती पडवीत. पाच वर्षं असंच. मग एका ट्रॉलरवर होन्नावरकडचा खलाशी आला, भिंतीसमोर उभा राहिला आणि चक्क वाचायला लागला. कन्नड होतं ते! आम्ही ज्याला रेघोट्या म्हणत होतो ते त्याच्या गावाचं आणि बापाचं नाव. महिन्याभरात भाऊ येऊन घेऊन गेला.
पाच वर्षं पत्ता भिंतीवर होता हो. तुमच्याकडचं लिहा.

कुडाळचो झील:
आमच्या स्टँडार एक होतो, ट्रॅफिक सांभाळी. हात दाखवून एसटी थांबवी, ड्रायव्हर पण थांबत. एका पावसात दिसाक नाय. कोणी विचारल्यान पण नाय.

सुमी दापोली:
आमच्याकडे वेगळीच पद्धत, बाजारात कोणी दगड मारायला लागला की संध्याकाळच्या एसटीत बसवून द्यायचा, कंडक्टरला पैसे, "पुढे उतरव रे". आठवड्याने पुढच्या गावचे त्यांचा एक आमच्याकडे पाठवणार.

बाबल्या:
@सुमी म्हणजे एसटीची परतीची सवलत 😄

सुमी दापोली:
हसू नको रे, माझे बाबाच तिकीट काढून द्यायचे. पुण्य केलं म्हणायचे.

मंडणगडी:
खेडला मांडवी किती लेट होती? शनिवारी यायचंय.

रत्नांग्रीकरीण:
सव्वा तास. डबा घेऊन या.

चिपळूणची वकील:
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे बघा. असं कोणी भटकताना दिसलं तर पोलिसांनी ताब्यात घ्यायचं, लॉकअपमध्ये टाकायचं नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. मी एकदा एकाला घेऊन ठाण्यात गेले (कुठल्या ते जाऊदे), हवालदार म्हणाले मॅडम ठेवू कुठे? म्हटलं रत्नागिरीला १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. तर म्हणे गाडीत डिझेल कोण घालणार. घातलं मी. पावती अजून आहे.

गुहागरची आत्या:
भात शिजतोय तेवढ्यात लिहिते. आमचा दादा असाच गेला होता, २००३ च्या शिमग्यात. त्याआधी दोन वर्षं आम्ही कौल लावले, गाऱ्हाणी घातली, कोंबडे दिले, सगळे म्हणत बाहेरचं आहे. शेवटी डॉक्टर, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी चांगला झाला, बागेत शिंपणं करायला लागला, मग आईने गोळ्या बंद केल्या, फार झोपतो म्हणून आणि आता बराच आहे की म्हणून. दोन महिन्यांत गेला, चपला दारात तशाच. १४ महिन्यांनी सुरतेकडच्या एका आश्रमातून फोन. आणायला गेलो तर डोक्याचा गोटा केलेला, आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत एवढंच विचारत होती, कोणी रे कापले, कोणी कापले. आता महिन्याचं इंजेक्शन आहे, गोळी चुकायचा प्रश्न नाही. तुम्ही स्टँडवरचा म्हणता ना, तो कोणाच्यातरी घरचा दादा असतो. भात लागला वाटतं.

बाबल्या:
आत्या 🙏 माझा मघाचा जोक मागे घेतो.

सुमी दापोली:
आमच्या आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी होता, त्याचं पण असंच झालं, रात्रभर झाडांशी बोलायचा. मालकाने हिशोब करून घालवला. कुठे गेला देव जाणे, भाषा पण धड येत नव्हती.

पणशीकर:
नोंद करून ठेवा लोकहो: कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा फाउंडेशन (२०१८ चं मॅगसेसे त्यांनाच), रस्त्यावरच्या पेशंटवर उपचार करून थेट घरी पोचवतात. सिंधुदुर्गात पणदूरचा संविता आश्रम. आणि १४४१६ टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलतात.

कुडाळचो झील:
पणदूर आमच्या बाजूकच. आणि आमी ट्रॅफिकवाल्याक बघीत रवलो.

चिपळूणची वकील:
@रत्नांग्रीकरीण त्या खेडच्या बाईचं काय केलंत मग?

रत्नांग्रीकरीण:
गाडी आली, चढले. नाव पण नाही विचारलं.

मंडणगडी:
माझी चुलत बहीण स्टेशनजवळच राहते, आत्ता पाठवतो. कुठल्या टोकाला?

रत्नांग्रीकरीण:
रत्नागिरीकडच्या. शेवटचा बाक. वरची साडी हिरवी, आणि कागद काढून घेऊ नका म्हणावं.