पोर्कसाठी छोटा कुकर घ्यायचाय: किती लिटरचा, कोणता आणि शिजवायचं कसं? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरकर
नमस्कार मंडळी. घरी आम्ही तिघं: आई, मी आणि बायको. बायको आसामची, जोरहाटची. लग्नाला दीड वर्ष झालं. नागपुरात ती छान रमली आहे, तर्री पोहे तर माझ्यापेक्षा आवडीनं खाते. पण पाऊस लागला की तिला माहेरचं पोर्क आठवतं, बांबूचे कोंब घालून केलेलं. परवा बाजारात वास्ते, म्हणजे तेच कोंब, दिसले, तर हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवून दिले. तेव्हाच ठरवलं की या वेळी मीच तिला करून घालायचं.

आई खात नाही, पण तिची आडकाठीही नाही. वरणभाताचा कुकर तेवढा वेगळा राहू दे, इतकंच तिचं म्हणणं आहे आणि ते मला पूर्ण पटतं. म्हणून फक्त याच कामासाठी एक छोटा कुकर घेतोय.

खाणारे दोघं, एका वेळी अर्धा किलो मांस. दोन लिटरचा पुरेल की तीनचा घ्यावा? स्टील की ॲल्युमिनियम? शिट्ट्या किती? व्हिडिओंमध्ये कोणी चार सांगतं, कोणी बारा. घरी गॅस आहे, सिलिंडर संपला तर इंडक्शन.

आणखी एक. आई विचारते, "त्या मांसानं डोक्यात किडे होतात म्हणतात, खरं का रे?" तिला नीट उत्तर द्यायचं आहे.

शेगडी
तीन लिटर. अर्धा किलो मांस दोन लिटरमध्ये मावतं, पण कांदा, पाणी, वास्ते घातले की कुकर वरपर्यंत येतो. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नसतो. पोर्कला फेस येतो आणि चरबी सुटते, त्यामुळे मी तर अर्ध्याच्या वर जातच नाही. तीन लिटरचा अर्धा म्हणजे दीड लिटर, तुमच्या हिशेबाला बरोबर.

सदरची_लेक
आमच्या घरी नाताळ आणि ईस्टरला पोर्क ठरलेलं. आईचा हात बघत शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टीलचा घ्या. आमच्याकडे विंदालूला व्हिनेगर असतं, तुमच्याकडे आंबवलेले कोंब पडतील (आसामात त्याला खोरिसा म्हणतात, वहिनींना विचारा). आंबट पदार्थ साध्या ॲल्युमिनियममध्ये फार वेळ राहिला की भांडं काळवंडतं आणि रश्श्याला धातूची चव येते. आईनं एकदा विंदालू रात्रभर ॲल्युमिनियमच्या कुकरात ठेवलं होतं. सकाळी चव बिघडलेली, आणि केलेलं होतं पंधरा माणसांसाठी. तिचा तो उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. हार्ड ॲनोडाइज्ड (वरचा थर कडक केलेलं ॲल्युमिनियम) चालतो, पण इंडक्शनवर ठेवायचा तर तसा तळ आहे ना ते बघून घ्या. घरून लोहचुंबक घेऊन जा. तळाला चिकटला तर चालेल.

स्टीलची एक खोड आहे: पातळ तळाचं असेल तर मसाला लागतो. म्हणून ट्रायप्लाय, म्हणजे स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला घ्या, नाहीतर जाड सँडविच तळाचा तरी. आणि लिटर सारखे असले तरी उंच, अरुंद कुकर घेऊ नका. पसरट घ्या. पोर्कची खरी चव परतण्यात आहे. तुकडे तळाला एका थरात बसले तर तांबूस होतात, एकावर एक रचले तर आपल्याच पाण्यात उकडतात आणि पांढरे फटक राहतात.

तेल घालू नका. चरबीच्या बाजूनं तुकडे कोरड्या कुकरात मंद आचेवर ठेवले की पाच-सात मिनिटांत त्यांचंच तेल सुटतं. त्यातच कांदा, आलं, लसूण परता. मग गरम पाणी, साधारण एक पेला. मटणासारखं भरपूर पाणी लागत नाही, कारण मांस स्वतः पाणी सोडतं. पण पाणी मुळीच न घालता झाकण लावू नका. वाफ व्हायला काहीतरी हवंच, नाहीतर तळ जळतो.

कोणता भाग घ्यायचा हे कुकरपेक्षा महत्त्वाचं आहे. कंबरेकडचं, चरबी नसलेलं मांस कुकरात चोथ्यासारखं होतं. खांद्याचं किंवा पोटाचं मागा. खांद्यात जे पांढरे, चिवट पडदे दिसतात, तेच शिजून विरघळतात आणि रसाला दाटपणा देतात. कातडी असेल तर राहू द्या, फक्त केस नीट भाजून, खरवडून घेतलेत का ते बघा.

कामठी_रोड
भाऊ, शिट्ट्या मोजू नका. मीपण आधी तेच करत होतो. एका घरी आठ शिट्ट्यांत मऊ झालं, म्हणून आमच्या घरी आठ केल्या, तर रबर. कुकर वेगळा, गॅस वेगळा, मग शिट्टी सारखी कशी होईल? मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या आठ मिनिटांत होऊन जातात अन् बारीक आचेवर पंचवीस मिनिटं लागतात.

शिट्टी म्हणजे काय, आतला दाब झाकणावरच्या वजनाला भारी पडला म्हणून वाफ बाहेर पडून राहिली, बस. आपल्या साध्या कुकरचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास असते, त्यात आतलं पाणी साधारण 120 अंशावर जाते. उघड्या गंजात (पातेल्यात) ते 100 च्या वर जातच नाही. शिट्टी झाली काय अन् नाही झाली काय, दाब टिकून आहे तोवर आत 120 च राहते. जास्त शिट्ट्यांनी लवकर शिजत नाही, नुसता गॅस जळते अन् चरबीचे फवारे टाइल्सवर उडतात. पोर्कचा तो चिकट थर काढता काढता जीव जाते.

माझी पद्धत: पहिली शिट्टी मोठ्या आचेवर. मग कुकर छोट्या बर्नरवर अन् आच इतकी बारीक की वजन नुसतं सुसू करत राहिलं पाहिजे. तिथून घड्याळ लावा. इंचभर तुकड्यांना 15 ते 20 मिनिटं, कातडी असली तर 25. गॅस बंद, अन् हात लावायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांत दाब आपोआप उतरते. त्या वेळातही मांस शिजतच असते.

छोट्या कुकरला मोठा बर्नर लावाल तर ज्वाळा बाजूनं वर येतात अन् हँडल वितळते. तेवढं सांभाळा.

त्रिमूर्तीनगरकर
ताई, दादा, खूप आभार. तीन लिटर, स्टील, पसरट हे पक्कं. आता झाकण आतलं घ्यावं की बाहेरचं? आणि घाईत असलो तर कुकर नळाखाली धरून दाब उतरवला तर चालेल का?

इतवारीकर
भांड्यांच्या दुकानात बसतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आतल्या झाकणाचा कुकर (हॉकिन्सचा असतो तसा) दाब असेपर्यंत उघडतच नाही, कारण वाफच झाकण आतून वर दाबून धरते. नवख्या माणसाला हा चांगला. फक्त तोंड थोडं लहान असतं, त्यामुळे परतायला आणि घासायला हात तेवढा मोकळा फिरत नाही. बाहेरच्या झाकणाचा धुवायला सोपा, प्रेस्टीजमध्ये असे बरेच मिळतात. पण त्यात दाब पूर्ण उतरल्याची खात्री तुम्हालाच करावी लागते. वजन उचलून बघायचं, सूं आवाज आला तर थांबायचं. ओळखीच्या एका काकांनी थांबायचा कंटाळा केला आणि हँडलला हिसका देऊन झाकण उघडलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं, दोन महिने हात चालत नव्हता. उकळत्या पाण्यापेक्षा उकळती चरबी वाईट, ती कातडीला चिकटून राहते.

म्हणून पोर्कला नळाखालचा प्रकार नकोच. दाब एकदम उतरला की आतला रस्सा उसळतो आणि चरबी, मसाला नळीत चढतो. मांसही कोरडं पडतं ते वेगळंच.

घेताना आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली आयएस 2347 हा आकडा बघा. घरगुती प्रेशर कुकरचं ते भारतीय मानक आहे आणि आता बंधनकारक आहे. शिक्का नसलेला कुकर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. दुसरी रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच वेळी घेऊन ठेवा, त्याच कंपनीचे, त्याच मापाचे. चरबीनं रबर लवकर फुगतं आणि सैल होतं. दर वेळी रिंग काढून कोमट पाणी आणि साबणानं धुवा, झाकणात अडकवून ठेवू नका. आणि झाकण लावायच्या आधी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. पोर्कची चरबी थंड झाली की त्या नळीत मेणासारखी गोठते. दिसलं नाही तर गरम पाणी ओता, मग सुई घाला. हे एक काम कधी चुकवू नका, बाकी सगळं त्यानंतर.

रातपाळी
मी नर्स आहे. तुमच्या आईंचा प्रश्न योग्य आहे, टाळू नका.

नीट न शिजलेल्या पोर्कमधून पोटात फीतकृमी (पट्टीसारखा लांब जंत) होऊ शकतो. डोक्यात, म्हणजे मेंदूत, ज्या गाठी होतात आणि त्यातून फिट्स येतात, त्याच कृमीच्या अंड्यांमुळे होतात. ती अंडी मांसात नसतात. फीतकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून ती बाहेर पडतात आणि मळलेल्या पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, हातांमधून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यामुळे जन्मात पोर्क न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. आईंना सांगा, सांभार (कोथिंबीर) आणि मुळा नीट धुणं, स्वयंपाकाआधी हात साबणानं धुणं हे त्यावरचं खरं राखण आहे.

मांसाचं म्हणाल तर कुकरचे 120 अंश आणि वीस मिनिटं म्हणजे कृमीची काळजी उरतच नाही. तरी विकत घेताना कापलेल्या भागात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे, पाणीदार फोड दिसले तर ते मांस घेऊ नका. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, त्याच पाटावर काकडी चिरू नका. फ्रोझन पाकीट असेल तर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्या. ओट्यावर नको, आपल्याकडच्या हवेत तर मुळीच नको.

गोंदियाची
वास्त्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते आहे. ताजे कोंब सोलून थेट कुकरात टाकू नका! कच्च्या कोंबांत कडवट विष असतं, पोटात सायनाइड तयार करणारं. आमच्याकडे आजी बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी पाणी फेकून, नवं पाणी घालून झाकण न ठेवता उकळायची आणि तेही पाणी फेकायची. मगच भाजी. तुम्हीही तसंच करा. उघड्या गंजात वीस-पंचवीस मिनिटं उकळा, पाणी ओता, चाखून बघा, कडू लागलं तर पुन्हा एकदा. झाकण ठेवलं तर ते वाफेबरोबर निघून जात नाही, म्हणून या कामाला कुकर नको.

मांस शिजल्यावर, कुकर उघडल्यानंतर वास्ते घाला आणि दहा मिनिटं तसंच उकळू द्या. आधी घातले तर गाळ होतात. पाऊस संपला की वास्तेही संपतील, तेव्हा लवकर करा भाऊ.

त्रिमूर्तीनगरकर
मंडळी, काल केलं. तीन लिटरचा, स्टीलचा, ट्रायप्लाय, आतल्या झाकणाचा घेतला. लोहचुंबक खरोखर खिशात नेलं होतं.

खांद्याचं अर्धा किलो, कातडीसकट. सदरच्या ताईंनी सांगितलं तसं कोरड्या कुकरात परतलं, सात मिनिटांत तळाला तेल दिसू लागलं. आलं-लसूण, हिरव्या मिरच्या, मीठ, हळद, एवढंच. बायकोनं बजावलं होतं की गरम मसाला घालशील तर बघ. एक पेला पाणी, पहिली शिट्टी, मग छोट्या बर्नरवर 20 मिनिटं. उघडलं तर मांस मऊ, पण कातडी जरा चिवट होती. म्हणून पुन्हा पाच मिनिटं लावला, मग बरोबर जमलं. वास्ते दोनदा उकळून शेवटी घातले.

तिनं पहिला घास खाल्ला आणि काही बोलली नाही, नुसती मान हलवली. मग आईला फोन लावला आणि अर्धा तास असमियात बोलत होती. माझ्या आईनं रातपाळी ताईंचं उत्तर दोनदा वाचून घेतलं आणि आज सकाळी सांभार तीन पाण्यांतून धुतला.

एक विचारायचं राहिलं. रश्श्यावर बोटभर तेलाचा थर आला. तो काढून टाकावा का?

सदरची_लेक
टाकू नका! रस्सा गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, थर पांढरा घट्ट होईल आणि चमच्यानं अख्खा निघेल. डिसेंबरात तर आमच्याकडे ओट्यावरच गोठतो, उन्हाळ्यात फ्रिजशिवाय गोठत नाही. अर्धा रश्श्यात राहू द्या, उरलेला काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या वेळी कांदा त्यातच परता. हिवाळ्यात मोहरीची पानं (आसामात लाई शाक म्हणतात) आली की वहिनींना ती घालून पोर्क करायला सांगा. पाककृती आली की इथे टाका, मला पण करायची आहे.