सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) हातात, उड्डाणाचे तास २०८. आता टाइप रेटिंग की इन्स्ट्रक्टर? मदत हवी आहे

उंबरठा_०९
नमस्कार मंडळी. लायसन्सवर सीपीएल, मल्टी इंजिन आणि आयआर (उपकरणांवर उडण्याची परवानगी) चढलंय. एकूण २०८ तास, पीआयसी (विमानाचा प्रमुख म्हणून) ११२, डीए४२ (दोन इंजिनांचं शिकाऊ विमान) वर १५. मेडिकल क्लास १ चालू आहे, आयआरची मुदत चार महिन्यांत संपते. एक एजंट परदेशात ए३२० टाइप रेटिंगचं १७ लाखांचं पॅकेज देतोय, वर 'नोकरीची हमी'. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. दुसरा पर्याय एएफआयआरचा (सहायक उड्डाण प्रशिक्षकाचं रेटिंग). एटीआर (पंख्यांची छोटी प्रवासी विमानं) किंवा चार्टरमध्ये (भाड्याची खासगी विमानं) २०० तासांना कोणी उभं करतं का? शिक्षण बारावी सायन्स.

रानपाखरू
एफडी आहे तिथेच राहू द्या. आधी निवडपत्र, मग पैसे. हा क्रम उलटला की गणित बिघडतं.

टाइप रेटिंग म्हणजे एका जातीच्या विमानाची परवानगी. ए३२० चं घेतलंत तर इंडिगो, एअर इंडियाकडे चालेल, पण अकासाकडे सगळी ७३७ मॅक्स, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय ते गंजतं. सहा महिने त्या टाइपवर बसला नाहीत तर पुन्हा सिम्युलेटरचे तास, पुन्हा चेक, आणि खर्च तुमचाच. टाइप रेटिंग नसलेल्यांसाठीही कंपन्या वेळोवेळी जाहिरात काढतात. निवड झाली की त्यांनी ठरवलेल्या ठिकाणी ट्रेनिंग आणि बाँड (ठरावीक वर्षं तिथेच काम करण्याचा करार). पैसे तिथेही जातात, पण पुढे खुर्ची ठरलेली असते.

एजंटला तीन प्रश्न लेखी विचारा. पहिला, ती संस्था आणि तिथलं ते नेमकं सिम्युलेटर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यतेत आहे का? संस्थेला मान्यता आहे म्हणून तिथलं प्रत्येक सिम चालतंच असं नाही. दुसरा, शेवटचा चेक घेणारा परीक्षक डीजीसीएला चालणारा आहे का? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: बेस ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या विमानावरचे टेक-ऑफ आणि लँडिंग, पॅकेजमध्ये आहे का? विमान न उडवता नुसत्या सिमवर रेटिंग पूर्ण करायची जी सोय असते, ती आधीचा भरपूर अनुभव असलेल्यांसाठी. २०८ तासांवाल्याला ती मिळत नाही. रिकामं ए३२० सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारायला कोण देणार, हे पॅकेजच्या कागदावर बहुधा नसतंच. मग सिमचं सर्टिफिकेट हातात आणि लायसन्सवर एन्डॉर्समेंट (रेटिंगची नोंद) नाही, अशी त्रिशंकू अवस्था होते.

'हमी' हा शब्द करारात कुठल्या कलमात आहे तेही बघा. निवड विमान कंपनी करते, एजंट नाही.

विंडसॉक
वरच्याशी सहमत. एएफआयआरबद्दल थोडं.

तुमची सीट बदलते, डावीकडून उजवीकडे. हात बदलतो, नजर बदलते, आणि उडवता उडवता अखंड बोलायचं असतं (पॅटर). बहुतेकांची गाडी तिथेच अडते: विमान नीट उडतं पण तोंड बंद, किंवा तोंड चालू आणि बॉल बाहेर (म्हणजे विमान आडवं घसरतंय). घरी खुर्चीवर बसून सर्किटचं पॅटर पाठ करा, डाउनविंडपासून (धावपट्टीला समांतर उडणं) फ्लेअरपर्यंत (टेकण्याआधी नाक उचलणं).

एएफआय म्हणून शिकवता येतं, पण वरिष्ठ इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्याला पहिल्या सोलोला सोडण्याचा अधिकार नसतो. पुढे एफआयआर (पूर्ण प्रशिक्षकाचं रेटिंग) झाल्यावर चित्र बदलतं. तुमचा फायदा असा की शिकवण्याचे तास पीआयसीत जातात. एटीपीएलला (विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठीचा परवाना) एकूण १५०० तास लागतात, आणि पीआयसीचा रकाना भरणं को-पायलटला अवघड असतं.

तोटेही ऐका. पगार बऱ्याच ठिकाणी उडालेल्या तासावर असतो. बारामती, धुळे, गोंदिया कुठेही जा, एप्रिल-मेमध्ये दुपारी वर उठणाऱ्या गरम हवेच्या हिसक्यांमुळे शिकाऊंचं उड्डाण सकाळ-संध्याकाळवर येतं आणि जून ते सप्टेंबर ढगांच्या मेहेरबानीवर. रुजू होण्याआधी विचारा: स्कूलची उडण्याजोगी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती? हँगरमध्ये आठ उभी असतील, इंजिन असलेली तीनच असतील.

एक सापळा. वर्षभर सेसना १७२ (एका इंजिनाचं शिकाऊ विमान) वर शिकवाल आणि मल्टी इंजिन आयआर संपून जाईल. सिंगलवरचा आयआर चेक मल्टीला चालत नाही. तुमचा चार महिन्यांत संपतोय, तेव्हा डीए४२ चा स्लॉट आत्ताच धरा. शेवटच्या आठवड्यात परीक्षक मोकळा असतो तेव्हा विमान मेंटेनन्सला असतं.

उंबरठा_०९
आभारी आहे, डोळे उघडले. एटीआरचं कोणी सांगाल का? आणि सिम स्क्रीनिंगची (भरतीतली सिम्युलेटर चाचणी) तयारी सेसनावाल्याने कशी करावी?

तीन_अंशाचा_उतार
एटीआर ७२ इंडिगो, अलायन्स एअर आणि गोव्याच्या मोपाहून चालणाऱ्या फ्लाय९१ कडे आहे. जागा मोजक्या, पण शिकायला उत्तम: छोट्या धावपट्ट्या, दिवसात अनेक सेक्टर (उड्डाणं). चार्टरमध्ये (किंग एअर, कॅराव्हॅन) २०० तासांना मिळाली तर उजवी सीट मिळते. ती जाहिरातीपेक्षा ओळखीने आणि हँगरच्या दारात उभं राहून मिळते. करार नीट वाचा, काही ठिकाणी 'पायलट' नेमतात आणि महिनोन्महिने ऑफिसात फाइली लावायला बसवतात.

आता सिम. सेसनावाला सुईच्या मागे धावतो, तिथेच घसरतो. जेट जड असतं, चूक उशिरा दिसते आणि दुरुस्तीही उशिरा लागते. ७३७ च्या सिमवर थ्रस्ट वाढवला की इंजिनं पंखाखाली असल्यामुळे नाक वर उठतं. तुम्ही ते दाबता, तोवर वेग वाढलेला, मग थ्रस्ट कमी, नाक खाली, असा झोपाळा सुरू होतो. पिच (नाकाचा कोन) ठरवा, पॉवर ठरवा, ट्रिम करा (दांड्यावरचा जोर काढून टाका), हात सैल सोडा, मग बघा.

तोंडी गणितं पाठ हवीत. तीन अंशांच्या उतारावर ग्राउंडस्पीड गुणिले पाच म्हणजे उतरण्याचा दर, १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. उंची हजारात गुणिले तीन म्हणजे किती मैल आधी उतरायचं: १०,००० फूट सोडायला ३० मैल. ६० मैलांवर एक अंश चूक म्हणजे एक मैल बाजूला. होल्डिंगच्या (वाट बघत ठरलेल्या मार्गाने घिरट्या घालणं) तिन्ही एंट्री कागदावर काढून रोज पाच सोडवा. १४,००० फुटांपर्यंत आउटबाउंड (दूर जाणारी बाजू) एक मिनिट, त्यावर दीड. हे सुटलं की डोकं आयएलएससाठी (रेडिओ संकेतांवर उतरणं) मोकळं राहतं.

तांत्रिक मुलाखतीत व्ही१ (टेक-ऑफ थांबवायचा की नाही हे ठरवण्याचा वेग), स्वेप्ट विंग (मागे झुकलेले पंख), मॅक टक (ध्वनिवेगाजवळ नाक खाली जाणं) हमखास विचारतात. एटीपीएलचे पेपर (नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेडिओ एड्स) १५०० तासांची वाट न बघता आत्ताच द्या. ७० टक्के लागतात आणि मुलाखतीचा अभ्यास आपोआप होतो.

विंडसॉक
लॉगबुक राहिलं. कागदी लॉगबुक आणि ईजीसीएवरची (डीजीसीएचं ऑनलाइन पोर्टल) नोंद यांत पाच मिनिटांचा फरक असला तरी कागदपत्र तपासणीत फाइल बाजूला पडते. फरक बहुधा इथे असतो: पीआयसी क्रॉस-कंट्रीची (दुसऱ्या ठिकाणी जाणारी उड्डाणं) बेरीज, रात्रीचे तास, आणि सिमचे तास चुकून एकूणात मिसळणं. शेवटच्या पानापासून उलटं मोजत या. चूक सापडली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर अजिबात नको. प्रत्येक पानावर स्कूलचा शिक्का आहे ना तेही बघा, नंतर सीएफआय (मुख्य प्रशिक्षक) बदलला की सहीसाठी चपला झिजतात.

रानपाखरू
आणि बारावी म्हणालात. पदवी सुरू करून टाका. विमानतळ प्राधिकरणाच्या एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) भरतीला फिजिक्स-गणित घेतलेली बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं, तिथे सीपीएल मोजत नाहीत. मेडिकल कधी कुणाचं अडकेल सांगता येत नाही.

उंबरठा_०९
ठरलं. एजंटला तीन प्रश्न मेल केले, उत्तर आलं की इथे टाकतो. डीए४२ चा स्लॉट पुढच्या महिन्याच्या ९ तारखेचा मिळालाय. बेरजेत पीआयसी क्रॉस-कंट्री ०:२० जास्त निघाली.

विंडसॉक
०:२० बहुतेक एखाद्या ड्युअल चेकचे (इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण) असतील, स्कूलच्या ऑथरायझेशन रजिस्टरशी (उड्डाणाच्या परवानगीची वही) ताडून बघा.